व्हिडिओ गेममधील शस्त्रांची झीज आणि दुरुस्ती : एका वादग्रस्त नियमाचा परिचय

व्हिडिओ गेमच्या जगात असे काही नियम आहेत की, ज्यांवरून खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे मतभेद होत आले आहेत. शस्त्रांची झीज हा त्यांपैकीच एक नियम होय. खेळातील पात्राच्या हाती असलेली तलवार, भाला, धनुष्य किंवा बंदूक वापरागणिक थोडी थोडी झिजते, ठरावीक मर्यादेनंतर ती निकामी होते अथवा मोडते आणि तिला पुन्हा वापरात आणण्यासाठी खेळाडूला पैसा, साहित्य किंवा वेळ खर्च करावा लागतो, असे या नियमाचे थोडक्यात स्वरूप आहे. या नियमामुळे खेळाला वास्तवाचा स्पर्श होतो, असे काही खेळाडूंचे मत आहे. तर मोठ्या कष्टाने मिळवलेली वस्तू डोळ्यांदेखत नष्ट होणे हा निव्वळ छळ आहे, असे इतरांना वाटते.

वरवर पाहता हा वाद क्षुल्लक भासण्याची शक्यता आहे. तथापि, खेळाडूने खर्च केलेल्या वेळेचे मोल, ऑनलाइन खेळांतील अर्थव्यवस्थेचा समतोल आणि अलीकडच्या काळात खेळाडूच्या खिशातून जाणारा खरा पैसा, असे तीन महत्त्वाचे प्रश्न या नियमाशी निगडित आहेत. या पार्श्वभूमीवर या नियमाचा उगम, त्याचे कार्य आणि त्यावरील आक्षेप यांचा हा आढावा.

नियमाचे स्वरूप

संगणकाच्या दृष्टीने शस्त्राचा टिकाऊपणा म्हणजे केवळ एक संख्या असते. प्रत्येक शस्त्राला आरंभी काही अंक दिलेले असतात. प्रत्येक वारागणिक, प्रत्येक गोळीगणिक किंवा पात्राच्या प्रत्येक मृत्यूगणिक त्यांतून काही अंक वजा होतात. ही संख्या शून्यावर आल्यानंतर काय घडावे, याचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात शस्त्र कायमचे नष्ट होते. दुसऱ्या प्रकारात ते खेळाडूजवळच राहते, मात्र दुरुस्ती होईपर्यंत वापरता येत नाही. तिसऱ्या प्रकारात ते वापरता येते, परंतु त्याचा नेम चुकतो किंवा त्याचा घाव अगदीच हलका पडतो.

दुरुस्तीच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. गावातील लोहाराला मोबदला देऊन काम करवून घेणे, पात्राने स्वतः दुरुस्तीचे कौशल्य शिकणे, तशाच दुसऱ्या शस्त्राचे भाग वापरणे आणि विश्रांतीच्या ठिकाणी पोहोचताच शस्त्र आपोआप पूर्ववत होणे, या त्यांतील प्रमुख पद्धती होत. काही खेळांत दुरुस्तीनंतर शस्त्र पूर्ववत होते. काहींत मात्र प्रत्येक दुरुस्तीबरोबर त्याची कमाल क्षमता घटत जाते. म्हणजेच अशा खेळांत दुरुस्तीने शस्त्राचा अंत लांबतो, टळत नाही.

उगम : गंज आणि चिलखत

या कल्पनेचे मूळ संगणकाच्या आधीच्या खेळात सापडते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल व फाशांच्या साह्याने खेळावयाचा कल्पनाविश्वातील खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील एक विचित्र प्राणी केवळ स्पर्शाने लोखंडी शस्त्रांना व चिलखतांना गंज चढवीत असे. हा प्राणी जिवाला फारसा धोका पोहोचवीत नसला, तरी बलाढ्य योद्ध्यांनाही त्याची धास्ती वाटे. कारण त्याचा हल्ला देहावर नसून मिळकतीवर होता.

हीच कल्पना १९८० च्या सुमारास विद्यापीठांतील संगणकांवर लोकप्रिय झालेल्या ‘रोग’ या खेळात आली. या खेळात चित्रे नव्हती. अक्षरे व चिन्हे यांतूनच भुयार आणि त्यातील राक्षस दाखवलेले असत. त्यातील एक जीव योद्ध्याच्या चिलखताला गंज लावीत असे. चामड्याचे चिलखत लोखंडी चिलखतापेक्षा कमकुवत होते, मात्र त्याला गंज चढत नसे. त्यामुळे या जीवाशी गाठ पडण्याचा संभव दिसताच भारी चिलखत उतरवून ठेवावे काय, असा खरा पेच खेळाडूपुढे उभा राही. पुढे १९८७ मध्ये आलेल्या ‘नेटहॅक’ या खेळाने शस्त्रांवरील गंजाच्या तीन पायऱ्या ठरविल्या आणि प्रत्येक पायरीगणिक घावाची तीव्रता कमी केली. झिजेच्या नियमाचे सर्व गुणदोष या जुन्या खेळांतच बीजरूपाने दिसून येतात.

मोजून दिलेले वार

जपानमध्ये १९९० साली निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतील पहिला खेळ प्रसिद्ध झाला. बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाली करावयाच्या या युद्धखेळात प्रत्येक शस्त्राच्या वापराची संख्या ठरवून दिलेली होती. या मालिकेतील २००३ च्या खेळाचे उदाहरण घेतल्यास, साधी लोखंडी तलवार ४६ वेळा, पोलादी तलवार ३० वेळा, तर सर्वांत घातक असलेली चांदीची तलवार केवळ २० वेळा वापरता येई.

या आकडेवारीतच नियमामागील हेतू स्पष्ट होतो. चांदीची तलवार अमर्याद वापरता आली असती, तर लोखंडी तलवारीला कोणी हात लावला नसता. वार मोजून दिल्यामुळे किरकोळ शत्रूसाठी साधे शस्त्र आणि बलाढ्य सेनापतीसाठी उत्तम शस्त्र, असा विवेक खेळाडूला करावा लागतो. शस्त्रे पूर्ववत करणारी एक जादूची काठीही या मालिकेत आहे. मात्र, ती स्वतःच मोजक्या वेळा वापरता येत असल्याने ती कोणत्या शस्त्रासाठी खर्ची घालावी, हा नवाच प्रश्न निर्माण होतो.

विशेष म्हणजे, या मालिकेने स्वतःच हा नियम अनेकदा बदलला आहे. २०१५ च्या ‘फेट्स’ या खेळात शस्त्रांची झीज काढून टाकण्यात आली. २०१९ च्या ‘थ्री हाउसेस’मध्ये ती पुन्हा आणण्यात आली, मात्र मोडलेले शस्त्र नष्ट न होता कमी क्षमतेने वापरता येईल आणि खनिजे देऊन लोहाराकडून ते दुरुस्त करता येईल, अशी सोय करण्यात आली. २०२३ च्या ‘एंगेज’मध्ये शस्त्रांची झीज पुन्हा वगळण्यात आली. एकाच मालिकेतील या धरसोडीवरून निर्मात्यांनाही या प्रश्नाचे अंतिम उत्तर सापडलेले नाही, हे दिसून येते.

लोहाराचे दुकान आणि खेळातील अर्थकारण

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीच्या ‘डायब्लो’ (१९९६) या खेळाने दुरुस्तीला नित्यक्रमाचे रूप दिले. भुयारात लढून परतलेला योद्धा गावातील ग्रिस्वोल्ड नावाच्या लोहाराकडे जाई आणि सोन्याची नाणी मोजून शस्त्रे नीट करून घेई. योद्ध्याला स्वतःही भुयारातच डागडुजी करता येई, परंतु अशा प्रत्येक डागडुजीबरोबर वस्तूची कमाल क्षमता कायमची घटे. अंक शून्यावर गेल्यास वस्तू नष्ट होत असे. २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये ही कठोरता सौम्य करण्यात आली व निकामी झालेली वस्तू दुरुस्त करून घेण्याची मुभा मिळाली. या खेळाच्या २००१ च्या विस्तारित आवृत्तीत एक वेगळाच सौदा आढळतो. काही शस्त्रे नेहमीपेक्षा ५० टक्के अधिक घातक असतात, परंतु त्यांची दुरुस्ती लोहाराकडून होऊ शकत नाही. अल्पायुषी सामर्थ्य आणि दीर्घायुषी साधेपणा यांतील निवड खेळाडूवर सोपविण्यात आली आहे.

हजारो खेळाडू एकाच वेळी खेळत असलेल्या ऑनलाइन खेळांत दुरुस्तीचे महत्त्व आणखी वाढते. अशा खेळांत राक्षस मारला की नाणी मिळतात, म्हणजेच दर क्षणी नवे चलन निर्माण होत असते. ते चलन व्यवहारातून बाहेर काढण्याची सोय नसेल, तर वस्तूंचे भाव गगनाला भिडतात आणि नव्याने दाखल झालेल्या खेळाडूला काहीही विकत घेणे परवडत नाही. दुरुस्तीचा खर्च हा अशा महागाईला आवर घालण्याचा एक उपाय आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळात पात्राचा मृत्यू झाल्यास अंगावरील सामानाचा टिकाऊपणा १० टक्क्यांनी घटतो आणि तो भरून काढण्यासाठी नाणी खर्चावी लागतात. ही नाणी कोणाही खेळाडूच्या हाती जात नाहीत. ती खेळातून नाहीशी होतात.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ (२००३) या खेळात या झिजेवर अनेक खेळाडूंची उपजीविका अवलंबून होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. त्यातील शस्त्रे व वस्तू खेळाडू-कारागीरच घडवीत असत आणि त्या झिजत असल्यामुळे कारागिरांना सतत गिऱ्हाईक मिळत असे. वस्तू न झिजणाऱ्या जगात एकदा प्रत्येकाची गरज भागली की कारागिराचे दुकान बंद पडते. हा खेळ २०११ च्या डिसेंबरमध्ये बंद करण्यात आला. तथापि झीज हा कारागिराचा आधार असतो, हा त्यातून मिळालेला धडा आजही महत्त्वाचा मानावा लागेल.

ऐन वेळी अडकणारी बंदूक

बंदुकींच्या खेळांत झिजेचा उपयोग प्रामुख्याने भीती निर्माण करण्यासाठी होतो. १९९९ च्या ‘सिस्टिम शॉक २’ या अंतराळयानातील भयकथेत बंदुका झपाट्याने खराब होत आणि लढाईच्या मध्येच अडकत. त्या सुस्थितीत ठेवण्याचे आणि मोडल्यावर दुरुस्त करण्याचे अशी दोन स्वतंत्र कौशल्ये पात्राला शिकावी लागत. हा वेग अवाजवी असल्याच्या तक्रारी झाल्या आणि खेळाच्या सुधारित आवृत्तीत झिजेचे प्रमाण बदलण्याची वा ती पूर्णपणे बंद ठेवण्याची सोय देण्यात आली. खेळाडूंच्या नाराजीची दखल घेऊन हा नियम ऐच्छिक केल्याचे हे एक जुने उदाहरण आहे.

२००८ च्या ‘फार क्राय २’मध्ये आफ्रिकेतील एका काल्पनिक देशातील यादवी युद्धाचे चित्रण आहे. या खेळात शत्रूकडून हिसकावलेली बंदूक आधीच जुनी व गंजलेली असते; तिच्यावरील मळ व गंज डोळ्यांना दिसतो. ती मध्येच अडकते आणि अखेरीस निकामी होते. शस्त्रविक्रेत्याकडून घेतलेली नवी बंदूक मात्र बराच काळ साथ देते. त्यामुळे खेळाडूला बंदुकीच्या रूपावरूनच तिच्यावर कितपत विसंबावे, याचा अंदाज बांधावा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक ठरते, कारण युद्धभूमीतील अनिश्चितता हाच त्या खेळाचा विषय आहे.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातील कथेत बंदूक मोडत नाही, पण ती मळते आणि तिची कामगिरी खालावते. तेल लावून ती पुसून काढली की पूर्ववत होते. येथे झिजेचा धाक नाही. शस्त्राची निगा राखणे हा पात्राच्या दिनचर्येचा भाग म्हणून दाखविण्यात आला आहे.

भारतात लोकप्रिय असलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाशी परिचित असलेल्या वाचकांना या नियमाचे एक निराळे रूप ठाऊक असेल. त्यात बंदुका झिजत नाहीत, परंतु शिरस्त्राण व गोळीरोधक जाकीट यांची क्षमता प्रत्येक गोळीगणिक घटते. सामना अर्ध्या तासाच्या आसपास संपत असल्याने येथे झीज ही मालमत्तेची हानी न वाटता लढाईचाच एक भाग वाटते.

कौशल्य म्हणून दुरुस्ती

बेथेस्डा कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत दुरुस्ती ही पात्राने आत्मसात करावयाची विद्या होती. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) या खेळात हातोड्यांच्या साह्याने शस्त्रे ठोकून नीट करावी लागत आणि हातोडेही मोडत. कौशल्य २५ अंकांवर पोहोचले की हातोडे दुप्पट काळ टिकत. ५० अंकांनंतर जादूची शस्त्रे दुरुस्त करता येत. ७५ नंतर शस्त्र मूळ क्षमतेच्या १२५ टक्क्यांपर्यंत नेता येई आणि १०० अंक गाठल्यावर हातोडा कधीही मोडत नसे. शिकाऊ उमेदवारापासून निष्णात कारागिरापर्यंतचा हा प्रवास नीट आखलेला होता. तरीही प्रत्यक्ष खेळताना दर लढाईनंतर यादी उघडून हातोड्याचे बटण दाबत राहणे, एवढेच त्याचे स्वरूप उरे.

त्यानंतरच्या ‘स्कायरिम’ (२०११) या खेळात झीज पूर्णपणे वगळण्यात आली. लोहारकाम मात्र राहिले. शस्त्र पूर्ववत करण्याऐवजी ते घडविणे आणि धार लावण्याच्या चाकावर ते अधिक चांगले करणे, असे त्याचे रूप झाले. काम तेच, ऐरण तीच. परंतु पूर्वी हानी भरून काढावी लागे, ती आता प्रगती ठरली. केवळ दिशा बदलल्याने कंटाळवाणे काम उत्साहाचे कसे होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल.

याच कंपनीच्या ‘फॉलआउट ३’ (२००८) या अणुयुद्धोत्तर जगाच्या कथेत एक बंदूक दुरुस्त करण्यासाठी तशीच दुसरी बंदूक मोडावी लागे. कारखाने उद्ध्वस्त झालेल्या जगात सुटे भाग मिळणार कोठून, या प्रश्नाचे हे तर्कशुद्ध उत्तर होते. खेळाडूच्या पोतडीतील भंगाराला त्यामुळे अर्थ प्राप्त झाला.

माइनक्राफ्टचे कोष्टक

२०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळामुळे झिजेचा नियम लहान मुलांपर्यंत पोहोचला. त्यातील हत्यारांचा टिकाऊपणा कशापासून ती बनविली आहेत, यावर ठरतो. लाकडाचे हत्यार ५९, दगडाचे १३१, लोखंडाचे २५० आणि हिऱ्याचे १,५६१ वेळा वापरता येते. सोन्याचे हत्यार वेगाने काम करते, मात्र ते केवळ ३२ वेळाच टिकते. २०२० मध्ये दाखल झालेल्या नेदराइट या काल्पनिक धातूच्या हत्याराला २,०३१ अंक देण्यात आले आहेत.

दुरुस्तीचे मार्गही येथे पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेले आहेत. दोन जुनी हत्यारे एकत्र केल्यास त्यांच्या उरलेल्या आयुष्याची बेरीज होऊन वर थोडी भर पडते, परंतु हत्यारावरील मंत्रशक्ती नष्ट होते. २०१२ मध्ये आलेल्या ऐरणीवर ही शक्ती टिकवून दुरुस्ती करता येते, मात्र प्रत्येक वेळी मोबदला वाढत जातो आणि अखेरीस दुरुस्ती अशक्य होऊन बसते. ऐरणदेखील वापराने झिजते. २०१६ मध्ये आलेल्या एका मंत्रामुळे पात्राला मिळणारे अनुभवाचे अंक परस्पर हत्याराच्या दुरुस्तीकडे वळतात आणि योग्य काळजी घेतल्यास ते हत्यार कायमचे टिकू शकते. येथे झिजेपासून मुक्ती ही दीर्घ प्रयत्नांनंतर मिळणारी गोष्ट आहे. त्यामुळे हा नियम जाचक वाटत नाही.

झेल्डा आणि वादाचा भडका

३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या निन्टेन्डोच्या खेळाने या जुन्या वादाला नव्याने तोंड फुटले. समीक्षकांनी नावाजलेल्या या खेळात जवळपास प्रत्येक शस्त्र काही लढायांतच काचेसारखे फुटते आणि सर्वसाधारण शस्त्रांसाठी लोहारही उपलब्ध नाही. एका विशिष्ट प्राण्याने गंजलेले शस्त्र गिळून पुन्हा बाहेर फेकले की ते लखलखीत होते, तसेच काही वीरांची स्मृती म्हणून मिळालेली शस्त्रे हिरा व अन्य साहित्य देऊन पुन्हा घडवून घेता येतात. परंतु हे अपवाद होत. दंतकथेतील ‘मास्टर सॉर्ड’ ही तलवार मोडत नाही, मात्र तिची शक्ती संपते आणि ती दहा मिनिटे वापरता येत नाही.

या कठोरतेमागे निश्चित विचार होता. या खेळात पहिल्या तासाभरानंतर खेळाडू कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. कायम टिकणारे एखादे उत्तम शस्त्र प्रारंभीच हाती लागले असते, तर पुढील सर्व पेटाऱ्यांतील शस्त्रे निरर्थक ठरली असती. शस्त्र फुटत असल्यामुळे शत्रूचे शस्त्र पळविणे, उंचावरून दगड लोटणे, गवताला आग लावणे, वादळात लोखंडी वस्तू फेकून शत्रूवर वीज पाडणे अशा युक्त्यांकडे खेळाडू वळतो. शस्त्र फुटण्याचा शेवटचा वार दुप्पट घातक असतो, त्यामुळे मोडण्याच्या बेतात असलेले शस्त्रही उपयोगी पडते.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही तितकीच सबळ आहे. अवघड देवळातील कोडे सोडविल्यानंतर मिळालेली तलवार दोन लढायांत संपणार असेल, तर ती बक्षीस ठरते काय, असा त्यांचा प्रश्न आहे. परिणामी अनेकांनी लढाईच टाळण्यास प्रारंभ केला. कारण शत्रूशी लढून मिळणाऱ्या शस्त्रापेक्षा त्यासाठी खर्ची पडणारे शस्त्र अधिक मोलाचे असे.

१२ मे २०२३ रोजी आलेल्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’ या पुढील भागात निन्टेन्डोने नियम मागे घेतला नाही, तर त्याचे समर्थन अधिक भक्कम केले. भूगर्भातून वर आलेल्या अशुभ शक्तीमुळे राज्यातील सर्व शस्त्रे कुजली आहेत, असे कथेतच सांगण्यात आले आणि खेळाडूला कोणत्याही शस्त्राला दगड, शिंग, फळ किंवा दुसरे शस्त्र जोडण्याची शक्ती देण्यात आली. अशा जोडणीने शस्त्राची ताकद व आयुष्य दोन्ही वाढतात. मोडणे हा शेवट न राहता नव्या प्रयोगाचे निमित्त झाल्याने पूर्वीच्या नाराजीची धार काही अंशी बोथट झाली.

पुरवून पुरवून वापरण्याची वृत्ती

या नियमाला होणाऱ्या विरोधाची मुळे मानवी स्वभावात आहेत. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा तेवढीच गोष्ट गमावल्याचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. खेळात दर दहा मिनिटांनी नवे शस्त्र मिळत असले, तरी हातातील मोडलेले शस्त्रच लक्षात राहते, याचे कारण यात सापडते.

यातून संचयाची वृत्ती बळावते. ठेवणीतले शस्त्र मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवायचे, तो प्रसंग आला तरी यापेक्षा मोठा प्रसंग पुढे येईल म्हणून पुन्हा राखायचे आणि अखेरीस खेळ संपला तरी ते पेटीत तसेच पडून राहायचे, हा अनुभव अनेक खेळाडूंना परिचित आहे. निर्मात्याने ते शस्त्र वापरले जावे म्हणून घडविले. त्याच्याच नियमाने ते वापराबाहेर राहिले. झिजेच्या नियमातील ही मूलभूत विसंगती होय. शस्त्रे मुबलक मिळत असतील किंवा ती सहज पूर्ववत करता येत असतील, तरच ती दूर होते.

जपानमधील कॅपकॉम कंपनीच्या ‘मॉन्स्टर हंटर’ (२००४) मालिकेने यावर काढलेला तोडगा उल्लेखनीय आहे. तेथे शस्त्र कधीही मोडत नाही. केवळ त्याची धार जाते. बोथट शस्त्र महाकाय प्राण्याच्या टणक पाठीवर आदळून उलटे फिरते. धार लावण्याच्या दगडावर काही क्षण शस्त्र घासले की ते पूर्ववत होते. मात्र, ते काही क्षण समोर प्राणी उभा असताना काढायचे असतात. हानी मालमत्तेची नसून वेळेची असल्यामुळे दुरुस्ती हीच एक थरारक चाल ठरते. मध्ययुगीन बोहेमियातील ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या खेळातही फिरत्या चाकावर तलवार योग्य कोनात धरून खेळाडूला स्वतः धार लावावी लागते.

हिशेबातील एक चूक

झिजेचे गणित नाजूक असते, याची प्रचिती ‘डार्क सोल्स २’ (२०१४) या खेळात आली. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा हा खेळ मुळात काठिण्यासाठी ओळखला जातो. त्यातील शस्त्रे पूर्ण मोडली नसल्यास विश्रांतीच्या शेकोटीपाशी आपोआप पूर्ववत होतात. मोडल्यास लोहाराकडे जावे लागते. संगणकावर खेळणाऱ्यांना आपली शस्त्रे फारच लवकर मोडत असल्याचे जाणवू लागले. तपासाअंती असे आढळले की, झीज मोजण्याची पद्धत पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येशी बांधली गेली होती. दर सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रे दाखविणाऱ्या यंत्रांवर शस्त्रे सुमारे दुप्पट वेगाने झिजत होती. म्हणजे अधिक सक्षम यंत्र विकत घेणाऱ्यालाच अधिक हानी सोसावी लागत होती. ही चूक २०१५ मध्ये दुरुस्त करण्यात आली. एक आकडा दुप्पट झाल्याने संपूर्ण खेळाचा तोल कसा बिघडू शकतो, हे या प्रकरणावरून स्पष्ट झाले. याच कंपनीच्या ‘एल्डन रिंग’ (२०२२) या खेळात शस्त्रांची झीज ठेवण्यात आलेली नाही.

खऱ्या पैशांचा प्रश्न

आतापर्यंतचे सर्व खर्च खेळातील नाण्यांचे होते. ‘फॉलआउट ७६’ (२०१८) या ऑनलाइन खेळाबाबत मात्र हा प्रश्न खेळाडूच्या खिशापर्यंत पोहोचला. या खेळाच्या अंतर्गत दुकानात खऱ्या पैशांनी किंवा खेळून मिळविता येणाऱ्या विशेष चलनाने खरेदी होते. तेथे केवळ शोभेच्या वस्तू विकल्या जातील, अशी ग्वाही प्रारंभी देण्यात आली होती. एप्रिल २०१९ मध्ये त्या दुकानात शस्त्रे तत्काळ पूर्ववत करणारे दुरुस्तीसंच दाखल झाले आणि खेळाडूंमधून तीव्र नाराजी व्यक्त झाली.

किंमत किती होती, यापेक्षा हेतूविषयीची शंका या नाराजीच्या मुळाशी होती. शस्त्र किती वेगाने झिजावे, हे जो ठरवितो, तोच जर दुरुस्तीचे साहित्य विकत असेल, तर झिजेचा वेग खेळाच्या हितासाठी ठरला की विक्रीच्या हितासाठी, हे खेळाडूला कळण्यास मार्ग राहत नाही. लोहार आणि गंज या दोघांचा मालक एकच झाला की विश्वासाला तडा जातो. मुलांच्या हाती मोबाइल व त्यासोबत पैसे देण्याची सुविधा आलेल्या आजच्या काळात पालकांनीही हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. खेळातील वस्तू मोडते, हे आक्षेपार्ह नाही. ती मोडल्यानंतर पुढे जाण्यासाठी खरे पैसे मागितले जातात किंवा कसे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

समारोप

जवळपास पाच दशकांच्या या वाटचालीतून काही निष्कर्ष काढता येतात. झीज ही निर्णय घेण्यास भाग पाडत असेल, तर ती खेळाला समृद्ध करते. ती केवळ एक बटण पुन्हा पुन्हा दाबण्यास लावत असेल, तर ती ओझे ठरते. शस्त्र मोडण्याची पूर्वसूचना खेळाडूला मिळणे, त्याला पर्याय उपलब्ध असणे आणि दुरुस्तीची किंमत हानीशी सुसंगत असणे, या तीन गोष्टी पाळल्या गेल्यास हा नियम सहसा स्वीकारला जातो. ‘फायर एम्ब्लेम’मधील मोजके वार, ‘माइनक्राफ्ट’मधील ऐरण आणि ‘मॉन्स्टर हंटर’मधील धार लावण्याचा दगड यांचे यश याच सूत्रात आहे.

अनेक मोठ्या खेळांनी हा नियम सोडून दिला असला, तरी तो नामशेष झालेला नाही. ज्या खेळात टंचाई, भीती किंवा कारागिरी हा कथेचा गाभा असतो, तेथे शस्त्रे झिजत राहतात. शेवटी, प्रत्येक वाराला काही मोल असावे की असू नये, या प्रश्नाचे उत्तर निर्मात्याने आधी स्वतःला द्यावयाचे असते. झिजेचे अंक त्यानंतर ठरतात.